तुल्सातली ५३७ माणसं : मॅच बचत, पहिलं घर आणि दहा वर्षांनंतरचा हिशोब

कमी कमाईच्या कुटुंबाने पहिलं घर घ्यायचं ठरवलं की बहुतेक वेळा ते महिन्याच्या हप्त्यावर अडत नाही, कारण तेवढंच किंवा त्याच्या आसपास भाडं ते आधीपासून भरतच असतात. अडतं ते सुरुवातीच्या एकरकमी पैशावर. डाउन पेमेंट, कागदपत्रांचा खर्च, तपासणीची फी, आणि हे सगळं एकाच आठवड्यात टेबलावर ठेवायचं. भाडं भरून, मुलांचं बघून, गाडी दुरुस्त करून हातात जे उरतं त्यातून ही रक्कम कधी जमायची हाच प्रश्न असतो. मॅच बचत योजना नेमकी याच जागी येते. तुम्ही खात्यात एक डॉलर टाका, आम्ही त्यावर एक किंवा दोन डॉलर देतो, अट एवढीच की तो पैसा ठरलेल्या कामालाच वापरायचा. अमेरिकेत या खात्यांना इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट अकाउंट म्हणतात, सगळे थोडक्यात आयडीए म्हणतात.

या योजनांबद्दल बोलताना लोक दोनपैकी एक टोक पकडतात. एकतर 'गरिबांना घरमालक करणारी जादू', नाहीतर 'सरकारी पैशाचा चुराडा'. मला दोन्ही पटत नाहीत आणि त्याचं कारण ओक्लाहोमा राज्यातलं तुल्सा शहर आहे. तिथे ही योजना चिठ्ठ्या टाकून, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून आणि तब्बल दहा वर्षं मागोवा घेऊन तपासली गेली. एवढी नीट तपासणी या विषयात फार कमी ठिकाणी झाली आहे, म्हणून हेच एक प्रकरण सविस्तर मांडतोय.

कल्पना मुळात मायकल शेराडन यांची, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले समाजकार्याचे प्राध्यापक. १९९१ साली त्यांनी मांडलं की गरिबांसाठीची सगळी धोरणं उत्पन्नाभोवती फिरतात, म्हणजे या महिन्याचं भागलं का एवढंच बघतात, पण मध्यमवर्ग उभा राहतो तो मालमत्तेवर, आणि मध्यमवर्गाला मालमत्ता करायला सरकार मदत करतच असतं, होम लोनच्या व्याजावर टॅक्स सवलत, रिटायरमेंट खात्यावर सवलत वगैरे. गरिबाला मात्र उलटा नियम. त्या काळी एएफडीसी नावाची रोख मदत होती, तिच्यात कुटुंबाकडे हजार डॉलरपेक्षा जास्त बचत दिसली की मदत बंद व्हायची (राहतं घर त्यात धरत नसत, पण ते घर घ्यायला जो पैसा साठवायचा तो धरत). ज्या माणसाला पायावर उभं राहायचंय त्यालाच साठवू नकोस म्हणून सांगणारा हा नियम होता. याची चीड यायलाच हवी, मला तरी येते.

पुढे खाजगी फाउंडेशनांच्या पैशावर १९९७ मध्ये अमेरिकन ड्रीम डेमॉन्स्ट्रेशन नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला, देशभरात चौदा ठिकाणी, साधारण २,३५० लोक त्यात आले. तेरा ठिकाणी नुसती योजना चालवून नोंदी ठेवल्या. तुल्सात मात्र नोंदींच्या पुढे जाऊन खरी परीक्षा घेतली. चालवणारी संस्था होती कम्युनिटी ॲक्शन प्रोजेक्ट ऑफ तुल्सा काउंटी, जी गरीब कुटुंबांचे टॅक्स फॉर्म फुकट भरून देण्याचं कामही करायची, आणि हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

तुल्साबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण मालमत्तेची चर्चा या शहरात नुसती पुस्तकी नाही. १९२१ च्या ३१ मे आणि १ जूनला याच शहरातली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळली, सुमारे पस्तीस ब्लॉक, घरं दुकानं सगळं, आणि विमा कंपन्यांनी दावे नाकारले. एका पिढीने जमवलेलं पुढच्या पिढीकडे गेलंच नाही. आई-वडिलांनी डाउन पेमेंटला हातभार लावणं ही गोष्ट काही घरांत सहज असते आणि काही घरांत का नसते, याचं एक उत्तर इथे आहे.

आता योजना. अट अशी की माणूस कामावर असावा आणि कुटुंबाचं उत्पन्न सरकारी गरिबी रेषेच्या दीडपटीच्या आत असावं. १९९८ ला तीन जणांच्या कुटुंबाची ती रेषा १३,६५० डॉलर होती, म्हणजे दीडपट झाली २०,४७५. मॅच मिळण्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त ७५० डॉलर टाकता येत, तीन वर्षं. घर घ्यायचं असेल तर एकास दोन मॅच, घरदुरुस्ती, शिक्षण, छोटा धंदा किंवा रिटायरमेंटसाठी एकास एक. म्हणजे तीन वर्षं पूर्ण भरली तर स्वतःचे २,२५० आणि वरचे ४,५००, मिळून ६,७५० डॉलर, व्याज वेगळं.

ऐकायला ७५० किरकोळ वाटतात. पण महिन्याला ते साडेबासष्ट डॉलर होतात, आणि तेव्हा देशाचं किमान वेतन तासाला ५.१५ डॉलर होतं, म्हणजे महिन्यातले बारा तास निव्वळ या खात्यासाठी राबायचं, तेही टॅक्स कापायच्या आधीचा हिशोब. मुलं असलेल्या कुटुंबाला मात्र एक दार होतं. कामावर असलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला अमेरिकेत ईआयटीसी नावाचं टॅक्स क्रेडिट मिळतं, दोन मुलं असतील तर १९९८ ला ते जास्तीत जास्त ३,७५६ डॉलर होतं, आणि ते वर्षातून एकदा रिफंड म्हणून एकरकमी हातात येतं. म्हणून पूर्ण प्रयोगात, फक्त तुल्सात नाही, टॅक्सच्या मोसमात खात्यांत भरणा वाढलेला दिसतो. जी संस्था तुमचा टॅक्स फॉर्म भरते तीच मॅच खातंही देते ही जोडी माझ्या मते या डिझाइनमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, कारण पैसा आहे त्याच दिवशी पैसा वळवायची सोय समोर आहे. दर महिन्याला शिस्तीने टाका हा उपदेश करणं सोपं, पण ज्याचा पगारच दर आठवड्याला कमीजास्त होतो त्याला वर्षातला एक बरा दिवस जास्त कामाचा असतो.

बाकी व्यवस्था अशी की पैशाच्या नियोजनाचे वर्ग सक्तीचे, घर घेणाऱ्याला घरखरेदीचे वेगळे. मॅचचे पैसे तुमच्या हातात कधीच येत नाहीत, कागदावर दिसत राहतात आणि खरेदीच्या वेळी थेट समोरच्या पार्टीला जातात. स्वतःचे पैसे मात्र कधीही काढता येतात, फक्त काढलेल्या रकमेवरचा मॅच जातो. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. कारण गरिबाच्या बचतीला कुलूप लावलं तर तो ती सुरूच करत नाही, उद्या पोरगं आजारी पडलं तर काय हा विचार डोक्यात असतोच. आणि झालंही तसंच, चौदाही ठिकाणचं मिळून बघितलं तर अर्ध्याहून जास्त लोकांनी कधी ना कधी मॅच सोडून पैसे काढले, म्हणजे समोर दुप्पट पैसा लटकतोय हे माहीत असूनही काढले. याला कुणी बेशिस्त म्हणत असेल तर त्याने महिन्याअखेरीला रिकाम्या खात्याचा अनुभव घेतलेला नाही एवढंच म्हणेन. सरासरी जमा (काढलेले वजा करून) महिन्याला वीस डॉलरच्या आतच राहिली. पण त्याच नोंदींत हेही निघालं की जास्त गरीब लोक आपल्या उत्पन्नाचा जास्त मोठा हिस्सा टाकत होते. गरीब साठवू शकत नाहीत हे वाक्य तिथे संपायला हवं होतं.

आता चिठ्ठ्यांचा भाग. १९९८ च्या शेवटापासून १९९९ च्या शेवटापर्यंत १,१०३ लोक घेतले, त्यातल्या ५३७ जणांना खातं उघडायची संधी मिळाली, ५६६ जणांना नाही. निव्वळ नशिबावर. ज्यांना नाही मिळालं त्यांना २००३ पर्यंत या संस्थेकडून मॅच नाही आणि घरखरेदीला पैशाची मदतही नाही, दुसरीकडून मिळाली तर घ्या. हे वाचताना पोटात कालवतं हे खरं आहे. तीही माणसं अर्ज घेऊन, आशेने आली होती. पण मदतीचा पैसा सगळ्यांना पुरणार नव्हताच, कुणाला तरी नाही म्हणावंच लागणार होतं, मग ओळखीवर किंवा पहिल्या नंबरावर देण्यापेक्षा चिठ्ठीवर देणं जास्त न्यायाचं, आणि त्यातून जे कळतं ते पुढच्या हजारोंच्या कामाचं. खातं मागायला येणारा माणूस मुळातच घर घ्यायच्या मूडमध्ये असतो, त्याने पुढे घर घेतलं तर ते योजनेमुळे की त्याच्या स्वतःच्या जिद्दीमुळे हे दुसऱ्या गटाशिवाय कळायचा मार्गच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, सगळं प्रकरण याच्यावरच फिरतं.

२००३ ला पहिला मोठा निकाल आला. जे सुरुवातीला भाड्याने राहत होते त्यांच्यात, खातं मिळालेल्या गटात घरमालकीचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा साधारण ७ ते ११ टक्के अंकांनी जास्त निघालं. म्हणजे शंभर भाडेकरूंमागे सात ते अकरा जास्त कुटुंबं स्वतःच्या घरात. चार वर्षांत, एवढ्या छोट्या रकमेवर, हा परिणाम मोठा आहे आणि त्यावेळी आनंद झाला तो बरोबरच होता. पण त्याच निकालात दुसरी ओळ होती जिच्याकडे कमी लक्ष गेलं. कुटुंबांची एकूण निव्वळ संपत्ती वाढलेली दिसली नाही. घर आलं, पण बँकेतलं वगैरे कमी झालं, त्यामुळे सगळं धरून फरक दिसेना. माझ्या मते ही ओळ भीतीची होती, कारण घर घेतल्यावर पहिल्याच वर्षी हीटर बंद पडतो किंवा छत गळतं, आणि तेव्हा खात्यात काही नसेल तर तो खर्च क्रेडिट कार्डावर जातो.

मग २००८-०९ मध्ये, म्हणजे सुरुवातीपासून दहा वर्षांनी, त्याच लोकांना परत गाठलं. दुसरा गट तोपर्यंत भराभर पुढे येऊन बरोबरीला पोचला होता. घरमालकीच्या प्रमाणात फरक उरला तो छोटा आणि आकडेशास्त्राच्या हिशोबाने नसल्यातच जमा. किती वर्षं घर मालकीचं होतं, घरात स्वतःचा वाटा किती जमला, कर्ज थकून घर जप्त झालं का, यातही ठळक फरक नाही. हा निबंध २०१३ साली अर्थशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकात आला, आणि तिथून पुढे 'आयडीए चालत नाही' हे वाक्य सुरू झालं.

मला हे वाक्य आळशी वाटतं. आधी बघूया बरोबरी का झाली. पहिलं कारण सरळ आहे, २००३ ला दुसऱ्या गटावरची बंदी उठली, आता त्यांनाही त्या संस्थेकडे मदत मागता येत होती. काहींनी तर 'थांबा, तेव्हा मदत मिळेल' म्हणून खरेदी पुढे ढकलली असेल हीही शक्यता आहे. दुसरं म्हणजे तेव्हाचा काळच असा होता की सगळ्या अमेरिकेत होम लोन सैल झालं होतं, २००३ ते २००६ मध्ये कमी डाउन पेमेंटवर, कधी कधी शून्यावरही कर्ज मिळायचं. ज्या भिंतीला शिडी लावायला ही योजना आली ती भिंतच बाजाराने काही वर्षं पाडून ठेवली. आणि तिसरं, तुल्सा स्वस्त शहर. एफएचए कर्जाला, म्हणजे सरकारी हमी असलेल्या होम लोनला, तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास डाउन पेमेंट पुरायचं, समजा घर ७०,००० चं असेल तर २,१०० डॉलर. हे जमवायला मॅच असेल तर लवकर जमतं, नसेल तर उशिरा जमतं, पण जमतं. हाच प्रयोग किनाऱ्यावरच्या महागड्या शहरात झाला असता तर तिथे ६,७५० डॉलर समुद्रात खसखस, ना पहिल्या गटाला पुरले असते ना दुसऱ्याला, मग निकाल वेगळ्याच कारणाने शून्य आला असता.

आता 'किती वर्षं मालकी' यात फरक का नाही, याचा साधा हिशोब करून बघा (हा माझा हिशोब आहे, अभ्यासातला नाही). धरा शंभरातल्या दहा कुटुंबांना तीन वर्षं आधी घर मिळालं. बाकी नव्वदांना काहीच फरक नाही. शंभरांवर वाटून टाकलं तर सरासरी येते ०.३ वर्ष, म्हणजे साधारण साडेतीन महिने. तेवढा फरक काही शे लोकांच्या सर्व्हेत पकडणं अवघड, तो गोंगाटात बुडतो. पण त्या दहा घरांतल्या मुलांसाठी ती तीन वर्षं म्हणजे एकाच शाळेत काढलेली तीन वर्षं असू शकतात. सरासरी खोटी नाही, पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न 'सगळ्यांना मिळून किती' हा आहे, 'ज्यांना मिळालं त्यांना काय' हा नाही. दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. त्यात तुल्साच्या किमती कॅलिफोर्निया फ्लोरिडासारख्या उसळल्याही नाहीत, त्यामुळे लवकर घर घेतल्याचा पैशातला फायदा फार वाढला नाही. पण म्हणूनच तिकडच्यासारख्या आपटल्याही नाहीत, हेही विसरू नये.

दुसऱ्या बाजूनेही तेवढंच स्पष्ट बोलायला हवं. आयडीएच्या बाजूने एक अभ्यास कायम पुढे केला जातो, २०१० च्या सुमाराचा, ज्यात वेगवेगळ्या ठिकाणी आयडीए वापरून घर घेतलेल्यांची तुलना त्याच भागातल्या इतर कमी उत्पन्नाच्या घरमालकांशी केली. आयडीएवाल्यांना चढ्या व्याजाची कर्जं खूप कमी होती आणि घरं जप्त होण्याचं प्रमाण इतरांच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. ऐकायला जबरदस्त. पण तिथे चिठ्ठी नव्हती. जो माणूस महिनोन्महिने वर्गाला बसतो, पैसे साठवतो, शेवटपर्यंत टिकतो, तो तसाही सावध कर्ज घेणारा असण्याची शक्यता जास्त. तुल्सात चिठ्ठी होती आणि तिथे जप्तीत ठळक फरक दिसला नाही. म्हणून मी वर्गांमुळे घरं वाचली असं छातीठोक म्हणणार नाही, कितीही म्हणावंसं वाटलं तरी. कर्जाचे कागद सही करायच्या आधी कुणीतरी जाणकार शेजारी बसून वाचतो ही मदत खरी आहे असं मला मनापासून वाटतं, पण तेवढ्यासाठी संपूर्ण मॅच योजना लागते का हा वेगळा प्रश्न.

आणि खर्च. मॅचचा पैसा सगळ्यांना दिसतो, चालवायचा खर्च दिसत नाही. तुल्सात एका खातेदारामागे महिन्याला साठ डॉलरच्या आसपास खर्च आला. खातेदार स्वतः वीसच्या आत टाकतोय आणि यंत्रणेला साठ लागतायत. समुपदेशक, वर्ग, फॉर्म, हिशोब, फोन, आठवणीची पत्रं. ही माणसं निरुपयोगी होती असं अजिबात नाही, पण वर्गांबाबत पूर्ण प्रयोगाच्या नोंदी सांगतात की आठ-दहा तासांपर्यंत शिकवण्याबरोबर बचत वाढत जाते, त्यापुढे तास वाढवून फारसं काही वाढत नाही. म्हणजे कात्री कुठे लावायची ते माहीत होतं.

केंद्र सरकारने १९९८ मध्येच ॲसेट्स फॉर इंडिपेन्डन्स कायदा करून या खात्यांना पैसा द्यायला सुरुवात केली होती. पहिलं घर, उच्च शिक्षण आणि धंदा हे त्यातले मुख्य उपयोग. तो निधी २०१७ च्या आर्थिक वर्षापासून बंद झाला. मला याचं वाईट वाटतं, कारण तुल्साने 'बंद करा' असं सांगितलंच नव्हतं, 'कुणाला द्यायचं ते बदला' असं सांगितलं होतं. ज्यांना दोन-चार वर्षांत आपलं आपण घर घेता येणार आहे त्यांना मॅच दिला की फक्त तारीख अलीकडे येते. ज्यांना कधीच जमणार नाही त्यांना दिला तर मालकी वाढते. पण असे लोक अर्ज करायला सहसा येतच नाहीत, कारण घर हा विषय त्यांनी सोडून दिलेला असतो, त्यांच्यापर्यंत जावं लागतं.

आज अमेरिकेत जे उरलंय ते विखुरलेलं आहे. सरकारी भाडे-मदत घेणाऱ्यांसाठी १९९० पासूनचा फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी कार्यक्रम आहे, ज्यात कमाई वाढली म्हणून जे भाडं वाढतं तेवढी रक्कम कुटुंबाच्या नावाने वेगळ्या खात्यात जमा होते आणि कार्यक्रम पूर्ण केला की त्यांना मिळते, घरासाठी वापरा नाहीतर दुसऱ्या कशासाठी. फेडरल होम लोन बँकांना (या होम लोन देणाऱ्या बँकांना पैसा पुरवतात) नफ्यातला दहा टक्के हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी ठेवावा लागतो, त्यातून पहिलं घर घेणाऱ्यांना अनुदान मिळतं, काही ठिकाणी बचतीच्या अटीवर. काही राज्यांच्या आणि संस्थांच्या स्वतःच्या मॅच योजना चालू आहेत.

यातली कुठलीही योजना कुणी नव्याने आखत असेल तर तुल्सा बघून मी दोन गोष्टी मागेन. एक, मॅचचा सगळा पैसा खरेदीच्या टेबलावर संपवू नका, त्यातला एक भाग, समजा चौथा हिस्सा, घर घेतल्यानंतर दोन वर्षं दुरुस्तीच्या खात्यात राहू द्या, म्हणजे २००३ ला जी रिकामी बँक दिसली ती परत दिसणार नाही. दोन, अर्जाच्या पहिल्याच पानावर विचारा की मॅच मिळाला नाही तर तुम्ही घर कधी घ्याल, आणि त्याखाली तीन चौकोन द्या, दोन वर्षांत, पाच वर्षांत, सांगता येत नाही. तिसऱ्या चौकोनावर खूण करणाऱ्यांना चिठ्ठीत जास्त वाटा द्या, आणि दहा वर्षांनी त्यांना शोधून काढता येईल एवढे दोन-तीन नातेवाइकांचे नंबर त्याच पानावर लिहून घ्या.